कमळाबाईंचा माघ

बेलवली, रविवार, १३ जानेवारी १९५२

आज माझ्या कादंबरीतलं नागनिकेच्या लग्नाचं प्रकरण लिहून हातावेगळं करायचं ठरवलं होतं. ते राहिलं. पहाटे गोठ्यातून असा हंबरडा आला की चूळ भरायचं सोडून मी धावले. कमळाबाईंच्या पांढऱ्या बैलाच्या मागच्या दोन्ही पायांच्या शिरा कोणीतरी कोयत्यानं तोडल्या होत्या. तो पुढच्या पायांवर उठायचा आणि पुन्हा रक्तात बसायचा. कमळाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन तोंडात पाणी सोडत होत्या. दुपारी तो गेला. त्या रडल्या नाहीत, हातपाय धुऊन भाकऱ्या थापायला बसल्या.

कोणी केलं हे साऱ्या गावाला ठाऊक आहे आणि सारं गाव तोंडाला कुलूप लावून बसलं आहे. हिंदुराव, कमळाबाईंचा धाकटा दीर. थोरला, म्हणजे कमळाबाईंचा नवरा, गावचा पाटील होता. गेल्या पावसाळ्यात विषमज्वरानं गेला. मागे राहिला तीन वर्षांचा धाकू, भातशेती, गवताचं कुरण आणि डोंगराकडची वरकस, म्हणजे नाचणी-वरीची हलकी जमीन. हिंदुराव म्हणतो, वहिनीनं माझ्याशी पाट लावावा. त्यांच्यात विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे पाट, लागतो, त्यात वावगं काही नाही. पण पाट लागला की पोर आणि जमीन दोन्ही त्याच्या हाताखाली. पाट नको असेल तर माहेरी जा, पोर इथेच ठेव, असं पंचांकडून त्यानं वदवून घेतलं आहे. बैल हा त्याचा तगादा.

मी बदलापूरला मुलींच्या शाळेत शिकवते आणि तीन महिन्यांपासून यांच्या पडवीतल्या खोलीत राहते. कमळाबाई सत्तावीसच्या, मी एकोणतीसची. फार भोळी बाई आहे. हिला कोणीतरी जगाचे टक्केटोणपे समजावून सांगायला हवेत, आणि इथे माझ्याशिवाय आहे कोण?

बुधवार, १६ जानेवारी

दिवेलागणीला कमळाबाई धाकूला मांडीवर घेऊन माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या. “काय लिवताव त्ये वाचून दाकवा,” म्हणाल्या. मला श्रोता मिळाला म्हणजे मी मोकाटच सुटते. नाणेघाटाच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे, तो सांगितला. नागनिका महारठ्याची मुलगी, सातवाहन राजाला दिलेली; नवरा गेला, मुलं लहान, कारभार तिच्या हाती. यज्ञ केले, गायी, घोडे, हत्ती दान दिले. भिंतीवर राजाराणीच्या मूर्ती होत्या, त्या कोणी फोडल्या. आता नावं तेवढी उरली आहेत. यापलीकडे पंडितांचे वाद, आणि त्यापलीकडे माझी कादंबरी. माझ्या कादंबरीत ती बापाच्या जोरावर राज्य राखते. महारठ्याची फौज हाच तिचा कणा, असं मी तीन प्रकरणं घसाघसा लिहून ठेवलं आहे.

कमळाबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “तिला दीर व्हता?”

लेखात दीर नाही, मी म्हटलं.

“नाय? मंग त्याचं काय केलंन तिनं?”

मी पोट धरून हसले. त्याही हसल्या.

शनिवार, १९ जानेवारी

आज मी एक पुण्यकर्म केलं. डोंगरालगतच्या ठाकरवाडीचा नवसू कमळाबाईंची वरकस बापाच्या वेळेपासून कसतो, पण कागदोपत्री त्याचं नाव कुठेच नाही. नव्या कायद्यानं कसणाऱ्याचं नाव कूळ म्हणून लागू शकतं हे मी वर्तमानपत्रात वाचून दाखवलं होतं. कमळाबाईंनी आपणहून अर्ज लिहायला सांगितला, कल्याणच्या मामलेदाराच्या नावे, नवसूचं नाव लावण्याबद्दल. एवढी उदार बाई. नवसू अंगणात उकिडवा बसून माझं लिहिणं बघत होता. उंच, वाळका, बोलणं मोजकं. अंगठा उठवला आणि कमळाबाईंना म्हणाला, “बाय, आता वाडी तुजी.” मला भरून आलं. कमळाबाई शांतपणे त्याचा अंगठा चिंधीनं पुसत होत्या.

शनिवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन झालं, मुलींना साखर वाटली, दुपारी घरी आले तर हिंदुराव अंगणात गाडीच्या चाबकानं कमळाबाईंना मारत होता. अर्ज मामलेदाराकडे पोचल्याची खबर त्याला लागली होती. त्या जमिनीवर दुमडून पडल्या होत्या, दोन्ही हातांनी डोकं झाकून. चोळी पाठीवर फाटली होती आणि वादीबरोबर कातडी निघत होती. तो दमला की थांबायचा, धोतर सावरायचा, पुन्हा मारायचा. “पाट लाव,” तो म्हणत होता, “पाट लाव, नायतर पाठ दे.”

मी मध्ये पडले. त्यानं मला एका हातानं बाजूला लोटलं, मी जात्यावर आपटले, कोपर फुटलं. त्याच्याबरोबरचा मधु, तो त्याचा गडी आणि सावली, दारात उभा राहून खाली बघत होता. कुंपणापलीकडे नवसू आणि वाडीतले दोघे कुऱ्हाडी घेऊन आले. मला वाटलं आता याचा मुडदा पडतो, आणि देवाशपथ, मला तेच हवं होतं. पण कमळाबाईंनी जमिनीवरूनच हात हलवला. नको. नवसू जागच्या जागी थांबला.

जाताना हिंदुराव मला म्हणाला, “अक्षर झाक हाय बाई तुमचं. वलखीन यापुडं.”

संध्याकाळी मी हळद आणि लोणी लावत होते तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “आज गाव बघत व्हता.” मला अर्थ लागला नाही. ताप चढला असावा.

रविवार, २७ जानेवारी

त्यांना झोप येईना म्हणून काल मी लेखातला तो भाग वाचून दाखवला होता, जिथे राणीचं वर्णन आहे: महिनामहिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी वागणारी. कमळाबाईंनी तो मला तीनदा वाचायला लावला. मग विचारलं, “असली बाई पाटाला बसवता येल का कोनाला?” मी म्हटलं, कसं शक्य आहे, व्रतस्थ बाई ती.

आज माघ लागला. सकाळी पंच आले तेव्हा त्या पाठीवर ओला पंचा टाकून देवापुढे बसलेल्या. माघभर उपवास धरला आहे, फक्त ताक आणि कंद, नवऱ्याच्या नावानं. व्रतात असलेल्या बाईला पंचांना हात लावता येईना. अवस येईपर्यंत पाटाचं नाव काढू नये असं ठरलं. मामलेदाराकडची सुनावणी अठ्ठावीस फेब्रुवारीला आहे, अवस पंचवीसला. मधले तीन दिवस काय ते.

माझ्या वाचनानं एका अडाणी बाईचं मन भक्तीकडे वळलं, हे काही थोडं नव्हे. शाळेतल्या वृंदाताईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, बाई भुकेनं मरायची. त्यांना श्रद्धा म्हणजे काय ते कळायचं नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

ठाकरवाडी जाळली. अकरा झोपड्यांपैकी सात. माणसं रानात लाकडं तोडायला गेली होती, बायका नदीवर होत्या. नवसूचा भाऊ देऊ आजारी म्हणून घरी होता, तो भात वाचवायला आत गेला तर बाहेर उभ्या असलेल्यांनी त्याचा उजवा हात उंबऱ्यावर धरून मनगटातून तोडला. कुऱ्हाड धरायचा हात. त्याला बाजेवर घालून आणलं तेव्हा हात फडक्यात वेगळा बांधून आणला होता. कोणाला वाटलं असावं की डॉक्टर तो जोडतील.

पोलीस आले, राख बघितली, चुलीतली ठिणगी असं लिहून गेले.

नवसू ओसरीवर बसून होता. कमळाबाई भिंतीला धरून बाहेर आल्या, दहाव्या दिवसाचा उपवास, आणि त्याच्यासमोर मातीत बसल्या. पाटलीण ठाकरासमोर मातीत बसलेली मी पहिल्यांदा बघितली. त्या म्हणाल्या की अवशेपर्यंत कोणी कोयता उचलायचा नाही. तो म्हणाला, “अवशेपातूर.” सहनशीलता शिकावी तर या माणसाकडून.

रविवार, १० फेब्रुवारी

कमळाबाईंबरोबर कॅम्पात जाऊन आले. उल्हासनगर म्हणायचं आता, पण अजून सगळे कॅम्पच म्हणतात. लष्कराच्या बराकी, मध्ये तागाची पोती लावून केलेल्या खोल्या, आणि बाहेर प्रत्येक जण काहीतरी विकतो आहे. पापड, गोळ्या, जुने स्क्रू. कराचीत तिमजली घर असलेला माणूस इथे वाटीनं तेल विकतो आणि मान ताठ ठेवतो. मला ही माणसं आवडली.

हासोमल गवताचा व्यापारी आहे. मुंबईच्या तबेल्यांना त्याचं गवत जातं. कमळाबाईंनी त्याला पाच वर्षांचं सगळं कुरण देऊ केलं. बदल्यात काय, ते त्यांनी मला बाहेर चहा प्यायला पाठवून सांगितलं. बाईमाणसाला संकोच वाटला असेल. परतले तेव्हा हासोमल त्यांच्यापुढे हात जोडून उभा होता. मला म्हणाला, “मास्तरनी, हमारा घर जला तब गाँव का एक आदमी नहीं बोला. ये बाई के लिए मैं बोलेगा.” कशाबद्दल बोलणार, मी विचारलं. गवत के बारे में, तो म्हणाला.

रविवार, १७ फेब्रुवारी

कादंबरी जोरात चालली आहे. शत्रूचा काटा काढण्याचं प्रकरण लिहिलं, हे सगळं माझ्याच मनचं. नागनिका बापाची फौज बोलावते, घाटात तुंबळ युद्ध होतं, हत्ती दरीत कोसळतात, रक्ताचे ओहोळ वाहतात. दोन पानं रक्त आहे. वाचून मीच दमले.

कमळाबाईंना आता उठवत नाही. गावातल्या बायका येऊन पायावर डोकं ठेवतात. मी वाचलं तेव्हा डोळे मिटून पडल्या होत्या. मग म्हणाल्या, “येवडी मानसा कशाला? बोलवायचा त्याला येकल्याला.”

तो एकटा कशाला येईल, मी विचारलं.

“जिथं येकल्यानं यायचीच रीत हाय, तिथं यील.”

गावंढळ कल्पना, पण युद्धापेक्षा बरी वाटली, म्हणून हत्ती खोडले.

घरात बोका शिरतो आहे. शिंक्यातल्या भाकऱ्या रोज एक-दोन कमी होतात. काशी म्हातारी, घरात दळणकांडण करणारी, म्हणते बोका नव्हे, उंदीर. मी म्हटलं, मग मांजर पाळा.

शनिवार, २३ फेब्रुवारी. महाशिवरात्र

जत्रेतून आले तशी लिहायला बसले आहे.

अंबरनाथच्या देवळाची जत्रा. कमळाबाईंचं माहेर अंबरनाथचं. वडील अनंता पाटील तिथले मोठं प्रस्थ, हाताशी वीस-पंचवीस लाठ्या. मीच म्हटलं होतं की बापाला गाठा, राणीनं बापाच्याच जोरावर राज्य राखलं. त्यांना गाडीत निजवून नेलं, बरोबर नवसू आणि वाडीतले पाच जण. नारळांच्या दुकानांपाशी अनंता पाटील भेटले आणि त्यांच्या शेजारी खांद्याला खांदा लावून हिंदुराव उभा. दोघांनी पान खाल्लेलं.

अनंता पाटील मुलीला म्हणाले, उपास पुरे, अवस झाली की पाट लावून घे. तो बाप्या हाय, घर राखंल. मी तोंड उघडलं तर म्हणाले, मास्तरणीनं शाळा राखावी.

तेवढ्यात हिंदुरावानं खूण केली असावी. त्याची आणि अनंता पाटलांची माणसं मिळून नवसूच्या लोकांवर तुटून पडली. भर जत्रेत, घंटा वाजत होत्या, बेल-फुलांच्या टोपल्या पायदळी. एका ठाकराच्या तोंडावर लाठीचं टोक असं बसलं की दात ओंजळीत घेऊन तो खाली बसला. दुसऱ्याला पडल्यावरही मारत होते. त्याच्या बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. नवसू हात खाली सोडून मार खात उभा होता. एकदाही हात उचलला नाही. अनंता पाटील हे सगळं नारळ हातात धरून बघत होते.

येताना गाडीत मी ओक्साबोक्शी रडले. माझी तीन प्रकरणं धुळीला मिळाली, बाप हा कणाच नव्हता. कमळाबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या हाताला चांगलीच ताकद होती.

रविवार, २४ फेब्रुवारी

मी हरले. त्या कबूल झाल्या.

सकाळी मला बोलावून चिठ्ठी लिहायला सांगितली. हिंदुरावाला: माघ सरला की मी कबूल, अवशेच्या रात्री खरवईकडच्या आपल्या खळ्यावर, रीतीप्रमाणे यावं. मी लेखणी फेकली. म्हटलं, ज्यानं पाठ सोलली त्याला? त्या म्हणाल्या, “लिवा, बाई. तोंडी निरोप त्यो मानायचा नाय. तुमचं अक्षर वलखतंय त्यो.”

पाटाची यांची रीत मला आज कळली. पाट काळोखात लागतो, घराबाहेर, वाजंत्री नाही, दिवा नाही. सवाष्णीनं आणि कुमारिकेनं त्यांचं तोंड बघायचं नाही. नवऱ्याबरोबर जाईल तर फक्त विधुर, आणि कोणाच्या अंगावर लोखंड नको, कमरेचा चाकूसुद्धा नको. हिंदुरावाच्या माणसांत विधुर एकटा मधुच. लग्नाचा एवढा मोठा दिवस आणि चोरासारखं जायचं. ऐकून मला त्या रीतीचाच संताप आला.

ग्रहणाच्या दिवशी, अवशेला, असं काही करू नये असं काशीसुद्धा म्हणेल, मी म्हटलं. पण सुनावणीच्या आत त्याला नवरा व्हायचं आहे, तो येईल, असं त्या म्हणाल्या. रडत रडत लिहिली. सुवाच्य लिहिली, सवयच आहे. काशी पोचवून आली.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

हिंदुराव मेला.

काल दुपारी ग्रहण होतं. सुटल्यावर सगळ्यांनी नदीवर अंघोळी केल्या. संध्याकाळपासून मला कणकण होती, कमळाबाईंनी स्वतः उठून काढा दिला आणि मी मेल्यासारखी झोपले. झोपताना त्या शेजारी धाकूला घेऊन पडल्या होत्या, उठले तेव्हाही तिथेच होत्या. मला वाटलं पाट लागून गेला. विचारलं तर म्हणाल्या, “मना उठवलंच नाय, बाई. जाणार कशी?”

मग बोंब आली. खळ्याच्या मधल्या खांबापाशी, मेढीपाशी, तो पडला होता. मी गेले, जायला नको होतं. नवं धोतर, नवी टोपी बाजूला. कोयत्यांचे वार मोजायला कोणी धजेना. मानेची फक्त मागची कातडी धड होती. उजवा हात मनगटापासून नव्हता. शोधला, सापडला नाही. कुत्री आली होती. माझ्या मनात पहिल्यांदा आनंद आला हे इथे लिहून ठेवते, कारण ही वही खोटं लिहायला नाही.

मधु बेपत्ता आहे.

दोरीवर कमळाबाईंचं लुगडं ओलं होतं, काठ चिखलानं भरलेला. ग्रहणाची अंघोळ. उन्हाला कडकपणाच नाही अजून, एक दिवस झाला तरी वाळत नाही.

शुक्रवार, २९ फेब्रुवारी

फौजदारांनी काल माझा जबाब घेतला. गावात लिहिता-वाचता येणारी, पगारी, परक्या जातीची बाई, म्हणून माझ्या शब्दाला वजन आहे असं ते स्वतःच म्हणाले. त्या रात्री कमळाबाई कुठे होत्या? माझ्या शेजारी. उठायची ताकद होती का? महिन्याच्या उपवासाची बाई, साहेब, तुम्हीच बघा. त्यांनी बघितलं, पायाही पडले. नवसू आणि त्याची माणसं? हासोमलनं कॅम्पातून येऊन सांगितलं की सगळे रात्रभर त्याच्या वखारीत गवताच्या गासड्या चढवत होते. त्या तारखेची हजेरीची चिठ्ठी दाखवली.

माझी चिठ्ठी कोणी विचारली नाही, मी सांगितली नाही. खोटं एक अक्षरही बोलले नाही.

सुनावणीही कालच झाली. नवसूचं नाव कूळ म्हणून लागलं. अनंता पाटील आज सकाळी नारळ आणि नातवाला सोन्याची बाळी घेऊन आले, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. कमळाबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि तांदळाची भाकरी वाढली. स्वतःही खाल्ल्या, चार. महिनाभर उपाशी राहिलेल्या माणसाला इतक्या लवकर चार भाकऱ्या पचत नाहीत असं मी शाळेत शिकवते.

बुधवार, ५ मार्च

मधु सापडला. सोनिवलीला पेंढ्याच्या उडवीत लपला होता, खांद्यात कोयत्याचा वार, किडे पडलेले. तो म्हणतो की चिठ्ठी आली होती, मास्तरणीच्या अक्षरातली, मालकानं त्याला दाखवली. खळ्यावर तोंडाला फडकी बांधलेले चौघे होते आणि मागे एक बाई उभी होती, धाकट्या पोराएवढासुद्धा आवाज न करता. फौजदार हसले. चिठ्ठी कुठे? मयताच्या अंगावर काही नव्हतं. काशी म्हणते, मी तर तीन दिवस पायाच्या दुखण्यानं पडून होते. मालकाला एकट्यात गाठून मारलं आणि आता व्रतस्थ बाईवर आळ घेतो, म्हणून चौकीत त्याला उलटा टांगून तळपायांवर मारलं. चौकी शाळेच्या रस्त्यावर आहे. मुलींना दुसऱ्या वाटेनं न्यावं लागलं. तरी ऐकू येत होतं.

घरी आले आणि सरळ विचारलं, चिठ्ठी कुठे आहे?

कमळाबाईंनी कणगीमागून डबा काढला. घडी तशीच होती, एका कोपऱ्यावर तपकिरी डाग. माझं अक्षर, प्रत्येक वेलांटी जिथल्या तिथे.

“जाळा ती,” मी म्हटलं.

“कशाला? ऱ्हाऊ द्या मजपाशी.” त्यांनी ती परत घडी केली. रागानं नाही, धाकूचं अंगडं ठेवावं तशी. मग म्हणाल्या, “बाई, राणीनं काय काय केलन त्ये तुमी समदं वाचून दाकवलंत. पन दगडावर लिवनारा कोनचा व्हता, त्ये कधी नाय सांगितलंत. तिचाच आसनार त्यो.”

मी महिनाभर या बाईला जग शिकवत होते. लाज वाटते लिहायला.

गुरुवार, ६ मार्च

शाळेला गेले नाही. फौजदारांकडे जायचं म्हणून दोनदा पातळ बदललं. चिठ्ठी मी लिहिली हे सांगितलं तर मधु वाचेल. मग नवसू, वाडीतली तीन माणसं, कमळाबाई फासावर आणि धाकू अनंता पाटलांच्या घरात, जमिनीसकट. देऊचा हात, जत्रेत मोडलेले दात आणि बरगड्या, ती सोललेली पाठ, सगळं फुकट. हा हिशेब खरा आहे. पण मी थांबले ते याच्यामुळे नाही. चिठ्ठी माझ्या हातची आहे, बोलावणं माझ्या हातचं आहे, सहाव्या दोरीला माझी मान आहे, म्हणून थांबले.

पुस्तकातलं एक पानही लिहवत नाही.

रविवार, ९ मार्च

जनी आली होती. मधुची आई. सोनिवलीपासून चालत, सत्तरीची बाई, पायात काही नाही. अंगणात बसली, पाणी नको म्हणाली. मधुला आता उभं राहता येत नाही, उद्या कल्याणला नेणार, खुनाचं कलम लावलं आहे. लोक तिला म्हणाले, पोरगा खरं बोलतो की खोटं हे एकच माणूस सांगू शकतं.

कमळाबाई आत तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला.

“मना लिवता-वाचता येत नाय,” जनी म्हणाली, “म्हणून तुमालाच इचारतंय. मधु कदी माज्याशी खोटं बोलला नाय. तुमी ती चिट्टी लिवलीत का, बाई? हो बोललात तर मी साहेबाच्या पाया पडंन. नाय बोललात तर मी घरा जाईन.”

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, हातांकडे बघत होती. बोटांना शाई होती, वह्या तपासत होते. मी हात पदराखाली घेतले.

“नाही, आजी,” मी म्हटलं. “मी कसलीही चिठ्ठी लिहिली नाही.”

मला वाटलं आता शिव्या देईल, तळतळाट देईल, माझ्या तोंडावर थुंकेल. मी त्याचीच वाट बघत होते, खरं तर ते झालं असतं तर मी बोलले असते. तिनं मान हलवली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठली. शिकलेली बाई खोटं कशाला बोलेल, असं म्हणाली. मला त्रास दिला म्हणून हात जोडले, आणि पोटच्या पोरानं आपल्याला फसवलं म्हणून त्याला शिव्या घालत ती फाटकाबाहेर गेली. स्टेशनाकडे नाही, चौकीकडे नाही, सोनिवलीच्या वाटेला लागली. वळणापर्यंत तिच्या शिव्या ऐकू येत होत्या.